संडूरचे मुरारराव घोरपडे: सीमाभागातल्या वाचकांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या वाचकांना कोल्हापूरचे छत्रपती आणि सावंतवाडीचे भोसले माहीत असतात. बल्लारी जिल्ह्यातल्या संडूरच्या घोरपड्यांचे नाव मात्र निघाले की गोंधळ सुरू होतो. या घराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले, नंतर ग्रामविकास आणि पंचायत राज मंत्री झाले, आणि तुमच्या गावच्या पंचायतीचा कारभार आज ज्या कायद्याने चालतो त्याला आकार देणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे आहे. त्यांच्याविषयी वारंवार येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

एम. वाय. घोरपडे म्हणजे नेमके कोण?

पूर्ण नाव मुरारराव यशवंतराव घोरपडे. जन्म ७ डिसेंबर १९३१, निधन २९ ऑक्टोबर २०११. संडूरच्या राजघराण्यात जन्म, केंब्रिजला अर्थशास्त्राचे शिक्षण, नंतर काँग्रेसचे राजकारण. सात वेळा आमदार, एकदा खासदार. १९७२ ते १९७७ राज्याचे अर्थमंत्री. पुढे ग्रामविकास आणि पंचायत राज खाते. शिवाय वन्यजीवांची छायाचित्रे काढणारे म्हणून देशाबाहेरही त्यांची ओळख होती.

ते संडूरचे शेवटचे राजे होते ना?

नाही. ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. गादीवर प्रत्यक्ष राज्य केलेले शेवटचे राजे म्हणजे त्यांचे वडील यशवंतराव हिंदुराव घोरपडे. त्यांची कारकीर्द १९२८ ते १९४९. संस्थान विलीन झाले तेव्हा मुरारराव सतरा वर्षांचे होते. वडील १९९६ मध्ये गेले, त्यानंतर घराण्याचे प्रमुखपद मुराररावांकडे आले. तोवर ते अर्थमंत्री होऊन वीस वर्षे उलटली होती. म्हणजे राजकीय आयुष्याचा मोठा भाग त्यांनी युवराज म्हणून काढला, आणि तोही संस्थान नसलेला युवराज. 'राजा मंत्री झाला' असे लिहिले जाते ते ढोबळ आहे.

मुधोळचे, कापशीचे, इचलकरंजीचे, गजेंद्रगडचे आणि संडूरचे घोरपडे एकच का?

आडनाव एक, शाखा वेगळ्या, आणि एका ठिकाणी तर रक्ताचा संबंधच नाही. आपल्या भागात हा गोंधळ जास्त होतो, कारण यातली बहुतेक ठाणी बेळगावपासून एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत.

मुधोळचे घोरपडे आदिलशाहीतले मातब्बर सरदार. १६४८ मध्ये शहाजीराजांना कैद करण्यात भाग घेतलेले बाजी घोरपडे याच शाखेतले. पुढे शिवाजी महाराजांनी मुधोळवर चालून जाऊन त्यांना मारले. मुधोळ आज बागलकोट जिल्ह्यात आहे आणि बहुतेकांना तिथल्या शिकारी कुत्र्यांमुळे माहीत आहे.

दुसरी फळी म्हाळोजी घोरपड्यांच्या मुलांची. म्हाळोजी संगमेश्वरला संभाजी महाराजांचा बचाव करताना पडले. त्यांचे तीन मुलगे: संताजी, बहिर्जी आणि मालोजी. छत्रपती राजारामांनी संताजींना 'ममलकतमदार', बहिर्जींना 'हिंदुराव' आणि मालोजींना 'अमीर-उल-उमराव' हे किताब दिले. संताजींचे वंशज ते सेनापती कापशीकर. निपाणीहून वर गेले की कागल तालुक्यात लागणारी, चपलांसाठी नावाजलेली कापशी ती हीच. हिंदुराव हा किताब गजेंद्रगडच्या शाखेत चालत आला. गजेंद्रगड आज गदग जिल्ह्यात आहे. संडूरच्या राजांच्या नावातही 'हिंदुराव' दिसतो तो याच नात्याने.

इचलकरंजीचे घोरपडे मात्र मूळचे जोशी. नारो महादेव जोशी हे कापशीकर सेनापतींच्या पदरी होते. धन्याचे आडनाव त्यांनी घेतले आणि ते घराण्यात कायम राहिले. त्यामुळे इचलकरंजीकरांना संताजींचे वंशज म्हणणे चूक आहे. तसे छापलेले लेख अधूनमधून दिसतात.

एक खूण लक्षात ठेवा. कुणी नुसते 'घोरपडे सरकार' म्हटले तर आधी गाव विचारा. गाव कळल्याशिवाय पुढची कोणतीही माहिती जोडू नका.

बल्लारीच्या डोंगरात मराठी संस्थान आले कुठून?

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिद्धोजीराव घोरपडे यांनी बेडर पाळेगाराकडून, म्हणजे स्थानिक सरदाराकडून, संडूरचे खोरे घेतले. चारही बाजूंनी डोंगर, आत शिरायला मोजक्या खिंडी. बचावाला अशी जागा दुसरी नाही. गुत्तीचे प्रसिद्ध मुरारराव घोरपडे याच घराण्यातले. कर्नाटकाच्या युद्धांत त्रिचनापल्ली-अर्काटपर्यंत त्यांचा दबदबा होता. १७७६ मध्ये हैदरअलीने गुत्ती घेतली, मुराररावांना कैद केले आणि कबालदुर्गाच्या किल्ल्यात त्यांचा शेवट झाला.

पुढे टिपूशी झुंज झाली. दुसऱ्या बाजीरावालाही संडूर हवे होते. त्याने ते घेण्याचा एक प्रयत्न कुमारस्वामीच्या यात्रेच्या निमित्ताने केला. १८१७ मध्ये इंग्रजांनी कर्नल मन्रोला पाठवून पेशव्यांच्या वतीने ताबा घेतला. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये संडूर घोरपड्यांना परत मिळाले आणि १८२६ मध्ये रीतसर सनद झाली. मराठ्यांचे हे संस्थान इंग्रजांच्या काळात मद्रास इलाख्याच्या देखरेखीखाली राहिले. त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या आपल्या संस्थानांच्या दप्तरात ते सापडत नाही.

'मुरारराव घोरपडे' हे नाव शोधले की अठराव्या शतकातले गुत्तीकर आणि विसाव्या शतकातले मंत्री एकत्र येतात. गुत्तीच्या मुराररावांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आहे तोही या मंत्री मुराररावांनीच, त्यामुळे गुंता आणखी वाढतो. मंत्र्यांविषयी शोधताना 'एम. वाय.' ही आद्याक्षरे घाला.

संस्थान केव्हा विलीन झाले? सांगली, जमखंडी, रामदुर्गसारखेच का?

वेळ आणि वाट दोन्ही वेगळ्या. सांगली, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, कुरुंदवाड ही दख्खनची संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात गेली. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. संडूर १ एप्रिल १९४९ ला मद्रास प्रांताच्या बल्लारी जिल्ह्यात मिसळले. आंध्र राज्य झाले तेव्हा, म्हणजे १ ऑक्टोबर १९५३ ला, बल्लारीचा मोठा भाग म्हैसूर राज्याला जोडला गेला आणि संडूरही त्यात आले. बेळगाव जिल्हा म्हैसुरात गेला १ नोव्हेंबर १९५६ ला. संडूरकर आपल्यापेक्षा तीन वर्षे आधीपासून त्या राज्यात आहेत.

आकाराने संडूर लहान होते. सुमारे ४३० चौरस किलोमीटर, खानापूर तालुक्याच्या निम्म्याहूनही बरेच कमी.

तनखा बंद झाल्यावर घराण्याचे काय झाले?

राजांचे तनखे आणि मान्यता रद्द करण्याचे विधेयक १९७० मध्ये राज्यसभेत थोडक्यात पडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने मान्यता काढून घेतली गेली. तो आदेश त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. शेवटी २६ व्या घटनादुरुस्तीने डिसेंबर १९७१ मध्ये विषय संपला.

संडूरच्या बाबतीत गंमत अशी की तनखे बंद करणाऱ्या काँग्रेसकडूनच मुरारराव निवडून आले आणि घटनादुरुस्तीनंतर काही महिन्यांतच राज्याचे अर्थमंत्री झाले. घराण्याचा पैसा तोवर खाणींकडे वळला होता. त्याबद्दल पुढे.

राजघराण्यातले होते म्हणूनच निवडून येत होते, असे म्हणता येईल का?

अर्धेच खरे. आकडा पाहा: १९३१ च्या जनगणनेत संडूर संस्थानाची सगळी लोकसंख्या चौदा हजारांच्या आत होती. विधानसभेच्या मतदारसंघात मतदारच याहून कितीतरी जास्त असतात. जुन्या प्रजेने एकमुखाने मते टाकली असती तरी जागा निघाली नसती. बाहेरच्या गावांतून, लंबाणी (बंजारा) तांड्यांतून, दलित आणि वाल्मीकी वस्त्यांतून मते आणावी लागत. ती नुसत्या मुजऱ्यावर येत नाहीत.

नावाचा फायदा होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण म्हैसूरकडे पाहा. श्रीकंठदत्त नरसिंहराज वडेयर काँग्रेसकडून म्हैसूरचे खासदार झाले, १९९१ मध्ये भाजपकडून उभे राहिले आणि हरले, नंतर पुन्हा काँग्रेसमधून निवडून आले, २००४ मध्ये परत पडले. संडूरपेक्षा कितीतरी मोठी गादी, तरी हा हिशेब. अलीकडचे पाहायचे तर २०२४ मध्ये कोल्हापुरातून शाहू छत्रपती काँग्रेसकडून आणि म्हैसुरातून यदुवीर वडेयर भाजपकडून लोकसभेवर गेले. घराण्यामुळे उमेदवारी लवकर मिळते. तीस-चाळीस वर्षे टिकायला खात्याचे काम माहीत असावे लागते, आणि इथे एम. वाय. इतर राजपुत्रांपेक्षा वेगळे ठरले असे आमचे मत आहे.

अर्थमंत्री असताना त्यांनी काय केले?

देवराज अरसू मार्च १९७२ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि अर्थखाते घोरपड्यांकडे आले. त्या वेळी राज्याचे नाव म्हैसूर होते. १ नोव्हेंबर १९७३ ला ते कर्नाटक झाले. म्हणजे ते म्हैसूर राज्याचेही अर्थमंत्री आणि कर्नाटकाचेही.

हा काळ जमीन सुधारणांचा. १ मार्च १९७४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कुळांना जमिनी मिळाल्या. बेळगाव जिल्ह्यात 'कसेल त्याची जमीन' म्हणून ज्या सात-बारांवर नावे चढली त्यातली बरीच याच काळातली. मागासवर्गीयांसाठी हावनूर आयोगही याच सरकारचा. ही धोरणे अरसूंची म्हणून ओळखली जातात आणि ते योग्यच आहे. पण तिजोरी सांभाळणारा माणूस जमीनदार वर्गातून, राजघराण्यातून आलेला होता हे विसरून चालणार नाही. खुद्द अरसूंचाही समाज म्हैसूरच्या राजघराण्याशी नात्याने बांधलेला.

ते खासदार होते असे म्हणता, पण १९८४ च्या निकालात नाव सापडत नाही. का?

कारण ते पोटनिवडणुकीत निवडून आले. आठव्या लोकसभेत ते रायचूरचे खासदार होते, पण निवडणूक आयोगाचा १९८४ चा सांख्यिकी अहवाल फक्त सार्वत्रिक निवडणुकीचा असतो. त्यात रायचूरपुढे दुसरेच नाव आहे. तेवढ्यावरून 'हे कधी खासदार नव्हते' असा निष्कर्ष काढणारे लेख आहेत. लोकसभेच्या सदस्यसूचीत आडनावाने, म्हणजे 'घोरपडे, मुरारीराव यशवंतराव' असे शोधा, लगेच सापडेल.

पंचायत राजचे श्रेय त्यांना का देतात?

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. कर्नाटकाचा पंचायत राज कायदा त्यानंतर तीनच आठवड्यांत, १० मे १९९३ ला लागू झाला. देशात इतक्या लवकर हे करणारे राज्य कर्नाटकच. ग्रामविकास खाते घोरपड्यांकडे होते. पहिल्या ग्रामपंचायत निवडणुका त्याच वर्षाअखेरीस झाल्या, तालुका आणि जिल्हा पंचायतींच्या १९९५ मध्ये. एस. एम. कृष्णांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे पुन्हा हेच खाते आले. तेव्हा त्यांनी गावच्या स्वच्छतेवर भर दिला. गल्लीचे रस्ते, गटारे, उकिरडे गावाबाहेर, निर्धूर चुली, घरात आणि शाळेत शौचालये, असे सगळे एकत्र करायचे अशी ती योजना होती. गटार न काढता रस्ता केला की पहिल्या पावसात रस्ता उखडतो, म्हणून कामे सुटी सुटी घ्यायची नाहीत, हा त्यामागचा विचार. आजही खेड्यांत रस्ता आधी आणि गटार नंतर होते, आणि दोन वर्षांत रस्ता पुन्हा खणला जातो.

१९८३ चा कायदा जास्त चांगला होता असे जुने लोक म्हणतात. खरे का?

काही बाबतींत हो. १९८३ चा कायदा रामकृष्ण हेगडे सरकारचा, आणि त्यामागे अब्दुल नझीर साब. बोअरवेली मारून गावोगाव पाणी दिल्याने लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. त्या कायद्यात जिल्हा परिषदेला खूप जोर होता. अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा. खाली मंडल पंचायत, साधारण ८ ते १२ हजार लोकसंख्येची. महिलांना २५ टक्के जागा.

१९९३ च्या कायद्याने मंडल काढून ग्रामपंचायत आणली, ५ ते ७ हजार लोकसंख्येची. डोंगराळ भागासाठी किमान मर्यादा २५०० वर आणली आणि त्या जिल्ह्यांत बेळगावचा समावेश आहे. खानापूरच्या जंगल भागातल्या विखुरलेल्या वाड्यांना याचा फायदा झाला, नाहीतर पंचायतीचे ऑफिस तीन नाल्यांपलीकडे गेले असते. ४०० लोकसंख्येमागे एक सदस्य. महिलांना एक तृतीयांश जागा, २०१० पासून निम्म्या.

टीका झाली ती जिल्हा पातळीवरून. अध्यक्षाचा कार्यकाळ मूळ कायद्यात अवघा २० महिन्यांचा ठेवला, त्यामुळे जिल्हा पंचायतीचा अध्यक्ष खुर्चीवर बसेपर्यंत उठायची वेळ येत असे, आणि अधिकाऱ्यांचे वजन वाढले. ही टीका आम्हाला रास्त वाटते. गाव पातळीवर मात्र १९९३ चीच रचना जास्त टिकली.

हा कायदा आज आमच्या गावाला कसा लागू होतो?

२०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याचे नाव 'कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज अधिनियम, १९९३' असे आहे. वर्ष तेच राहिले, त्यामुळे दोन वेगळे कायदे आहेत असे समजू नका. सीमाभागातल्या वाचकांना नेहमी अडणाऱ्या गोष्टी अशा:

ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही. पॅनेल कुणाचेही असो, मतपत्रिकेवर पक्षाचे चिन्ह नसते. तालुका आणि जिल्हा पंचायतीला मात्र पक्षचिन्ह असते. महाराष्ट्रातले पाहुणे 'पंचायत समिती, जिल्हा परिषद, सरपंच' म्हणतात. इकडे तालुका पंचायत, जिल्हा पंचायत आणि अध्यक्ष. सरपंच थेट जनतेतून निवडण्याची महाराष्ट्रातली पद्धत इथे नाही. सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात आणि ग्रामपंचायत अध्यक्षाचा काळ ३० महिन्यांचा असतो. पद दोन पाळ्यांत आरक्षित होते, म्हणून निवडून येण्याआधीच दुसऱ्या पाळीचे आरक्षण बघून पॅनेल बांधावे लागते. हे न बघितल्याने बहुमत असूनही अध्यक्षपदासाठी पात्र सदस्यच नाही, अशी वेळ अनेक गावांवर येते.

ग्रामसभा वर्षातून किमान दोनदा. गणपूर्ती एकूण मतदारांच्या दहाव्या हिश्श्याची किंवा १०० जणांची, यातले जे कमी ते. लाभार्थींची यादी ग्रामसभेत मंजूर व्हावी लागते. घरकुलाच्या यादीत नाव गाळले गेले तर तक्रार पुढे नेण्याआधी ग्रामसभेच्या इतिवृत्तात ती नोंदवलेली असणे फायद्याचे. तोंडी बोललात आणि लिहून घेतले नाहीत तर पुढे तालुका पंचायतीत हातात काही राहत नाही.

तालुका आणि जिल्हा पंचायतींच्या सदस्यांची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका लांबत गेल्या. त्यामुळे 'आमचा जिल्हा पंचायत सदस्य कोण' याचे उत्तर त्या काळापुरते 'कुणीच नाही, प्रशासक' असे आहे.

इतिवृत्त कन्नडमध्ये असते. मराठी सदस्याने काय करावे?

सहीआधी वाचून घ्या. ठरावाचा क्रमांक, विषय, रक्कम आणि वॉर्ड या चार गोष्टी कन्नड अंकांत आणि अक्षरांत ओळखता येतील एवढे तरी शिकून घेतलेले बरे. कन्नड अंक मराठीपेक्षा वेगळे दिसतात आणि रकमेत घोळ होतो तो बहुधा तिथेच. पंचायत विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) ठराव सभेतच मोठ्याने वाचायला सांगा आणि त्याचा मराठी गोषवारा त्याच दिवशी स्वतःच्या वहीत तारीख घालून लिहा. कोऱ्या जागेखाली सही करू नका. नंतर भरलेला मजकूर तुमचा नव्हता हे सिद्ध करणे फार जड जाते.

संडूरने देवळे दलितांना आधी उघडली हे खरे आहे का?

हो, आणि श्रेय मुराररावांच्या वडिलांचे. १९३२ मध्ये संडूरचे कुमारस्वामी मंदिर दलितांना खुले झाले. त्रावणकोरची सुप्रसिद्ध घोषणा १९३६ ची, म्हणजे चार वर्षे नंतरची. गांधीजी १९३४ मध्ये संडूरला आले होते. आकाराने एवढेसे संस्थान, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत त्रावणकोर राहिले आणि संडूर गळले.

खाणींचा आणि त्यांचा संबंध काय?

संडूरच्या डोंगरांत मँगनीज आणि लोहखनिज भरपूर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे परदेशी कंपनीने मँगनीज काढायला सुरुवात केली. १९५४ मध्ये यशवंतराव घोरपड्यांनी संडूर मँगनीज अँड आयर्न ओअर्स ही कंपनी उभारली. होस्पेटजवळ व्यासनकेरी इथे तिचा धातू कारखाना आहे. घराण्याचे अर्थकारण तनख्यावरून उद्योगावर आले ते असे. दोणिमलाईला सरकारी एनएमडीसीची खाण वेगळी. ती घोरपड्यांची नव्हे.

२००० नंतर लोहखनिजाला मागणी प्रचंड वाढली आणि बल्लारीचे राजकारणच बदलले. पैसा वाढला तशी उमेदवारांची तऱ्हा बदलली, खर्च बदलला. बेकायदा खाणकामावर लोकायुक्तांचा अहवाल जुलै २०११ मध्ये आला आणि लगोलग सर्वोच्च न्यायालयाने बल्लारीतले खाणकाम थांबवले. तीनच महिन्यांनी मुरारराव गेले.

छायाचित्रणाचे काय?

नुसता छंद म्हणून सोडून देण्याजोगे नाही. पक्षी आणि जंगली जनावरे, त्यातही कृष्णधवल छायाचित्रे. त्यांची पुस्तके निघाली आणि आंतरराष्ट्रीय छायाचित्रण संघटनेचा मानाचा किताबही मिळाला.

मराठी घराण्यातले असून त्यांनी सीमाप्रश्नात भाग का घेतला नाही?

संडूरचा या वादाशी संबंध नाही. महाराष्ट्राच्या दाव्यातली ८६५ गावे बेळगाव, कारवार, बिदर आणि गुलबर्गा भागातली. बल्लारी त्यात नाही. बल्लारीचा वाद होता तो म्हैसूर आणि आंध्र यांच्यात, आणि तो १९५३ मध्येच निकालात निघाला. त्यांचा मतदार कन्नड आणि तेलुगू बोलणारा, काही प्रमाणात लंबाणी बोलणारा. महाराष्ट्र एकीकरण समितीच्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिले तर काहीच हाती लागत नाही.

माजी उपराष्ट्रपती बी. डी. जत्ती हेही जमखंडीच्या राजघराण्यातले का?

नाही. जत्ती जमखंडी संस्थानात मंत्री आणि दिवाण होते. राजघराणे पटवर्धनांचे. संस्थानाचा कारभारी आणि संस्थानिक यांत फरक आहे.

मुलांना शाळेत प्रकल्प दिला आहे. माहिती कुठून आणि कशी घ्यावी?

१९७२ पर्यंतच्या विधानसभेचे निकाल 'कर्नाटक' खाली शोधले तर मिळत नाहीत, 'म्हैसूर' खाली पाहा. जिल्ह्याचे नाव जुन्या कागदांत बेल्लारी, २०१४ नंतर बल्लारी. होस्पेट २०२१ पासून नव्या विजयनगर जिल्ह्यात गेले, संडूर बल्लारीतच राहिले. म्हणून 'होस्पेट, जिल्हा बल्लारी' असे जुने वाक्य जसेच्या तसे उतरवू नका. नाव मुरारराव, मुरारीराव, एम. वाय. अशा तिन्ही तऱ्हांनी तपासा. आणि प्रकल्पात राजवाड्याच्या चित्राला एक पान दिलेत तर पंचायत कायद्याला दोन पाने द्या.

संडूरला जायचे कसे, कधी?

बेळगावहून हुबळी सुमारे १०० किलोमीटर, तिथून गदग, कोप्पळ करत होस्पेट साधारण १५० किलोमीटर, होस्पेटहून संडूर ३० किलोमीटरच्या आसपास. खानापूर-लोंढ्याकडच्यांना लोंढ्याहून हुबळी-होस्पेट मार्गे जाणारी वास्कोहून सुटणारी अमरावती एक्स्प्रेस सोयीची, पण ती रोज नसते, वार बघून ठरवा. होस्पेटहून संडूरला बस मिळते. स्वतःची गाडी असेल तर खनिजाच्या ट्रकांचा त्रास धरून वेळ वाढवा आणि अंधार पडायच्या आत पोहोचा.

पावसाळ्याअखेर, सप्टेंबर-ऑक्टोबरात डोंगर हिरवे असतात. उन्हाळ्यात लाल धूळ आणि ऊन यांशिवाय काही दिसत नाही. कुमारस्वामी आणि शेजारचे पार्वतीचे देऊळ गावापासून दूर डोंगरावर आहे, त्यासाठी अर्धा दिवस ठेवा. शिवविलास राजवाड्यात आता हॉटेल आहे. लंबाणी बायकांच्या भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. घ्यायचे असेल तर हाताचे आहे का हे उलट बाजू पाहून ओळखा, यंत्राच्या टाक्यांची मागची बाजू एकसारखी दिसते.

संडूरची जागा आता कुणाकडे आहे?

२००४ मध्ये ती संतोष लाड यांनी जिंकली. तेही मराठाच, आणि पुढे ते आपल्या शेजारच्या धारवाड जिल्ह्यात कलघटगीला गेले. त्यांना जावे लागले, कारण २००८ च्या पुनर्रचनेत संडूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले. तेव्हापासून काँग्रेसचे ई. तुकाराम निवडून येत राहिले. २०२४ मध्ये ते बल्लारीचे खासदार झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात झालेल्या पोटनिवडणुकीत ई. अन्नपूर्णा आमदार झाल्या. राखीव जागा असेपर्यंत घोरपडे किंवा लाड घराण्यातल्या कुणालाही संडूरमधून विधानसभेला उभे राहता येणार नाही.